आप्पांच्या चिठ्ठीतला राजा

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार रिकामटेकडी माणसं आठवड्यातून दोन तास एका टेबलाभोवती बसली की ते आपोआप साचत जातात. ते साचलेत हे आपल्याला कळतं तेव्हा बहुधा चारांतली एक खुर्ची रिकामी झालेली असते. मग उरलेले तिघं तेच तेच एकमेकांना सांगत बसतात. आमचं सध्या तसंच चाललंय, आणि ऐकून ऐकून आम्हीच कंटाळलोय, म्हणून आज तुमच्यापुढं बसलो.

टेबल उदगीरच्या एका सार्वजनिक वाचनालयातलं. माणसं चार. एक मी, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर. दुसरे ग्रंथपाल खय्यूमभाई. तिसऱ्या कांबळे सिस्टर, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, दर रविवारी जळकोटहून एसटीनं यायच्या. आणि चौथे आप्पा. मोंढ्यात त्यांचं धान्याच्या अडतीचं दुकान होतं, ते त्यांनी बंद केलं होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर उपरणं, बोलणं मोजकं.

आणि आम्ही वाचायचो काय? पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या खुनांच्या कादंबऱ्या! ट्यूडर घराण्याचा काळ, सहा लग्नं करणारा तो जाडा राजा, आणि त्याच्या राज्यात पडणारे मुडदे. हसा खुशाल. आमच्या घरचेही हसायचे.

*

ही पुस्तकं आली कशी ते आधी सांगतो. गावातलीच एक मुलगी तिकडं डॉक्टर आहे. घर बदलताना तिनं एक खोकं वाचनालयाला पाठवून दिलं. आठ जाडजूड खंड. आठही खंडांत एकच तपास करणारा, मठातून हाकललेला आणि आता राजाच्या कचेरीत खर्डेघाशी करणारा एक कारकून. आठही खंडांत त्याची दाढ दुखत असते.

खय्यूमभाईंनी कव्हरं बघितली. चर्च, मेणबत्ती, झगा घातलेला माणूस. त्यांनी आठही खंड 'धर्म' विभागात लावून टाकले. दोन वर्षं ते तिथं स्तोत्रांच्या पोथ्यांशेजारी धूळ खात पडले. मला सापडले ते मी त्या बाजूला डुलकी काढायला गेलो होतो म्हणून. पहिलं पान उघडलं तर तिसऱ्याच ओळीत मुंडकं उडालेलं.

मी खय्यूमभाईंना म्हटलं, अहो, या खुनाच्या गोष्टी, या धर्मात कशा लावल्या?

ते शांतपणे म्हणाले, "सर, मी बारा पानं वाचली. हर पानावर कोणी ना कोणी देवाच्या नावानं मरून राहिला. आता हे और कुठं ठेवू?"

आठही खंड अजून तिथंच आहेत.

*

इंग्रजी सरसर वाचणारा मी एकटाच. म्हणून असं ठरलं की मी आठवडाभर घरी वाचायचं आणि रविवारी सकाळी नऊ ते अकरा मराठीत सांगायचं. तेहतीस वर्षं मी वर्गात इंग्रजी शिकवलं. दोन तास सोडा, दोन मिनिटं कुणी माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. इथं तीन म्हातारी माणसं तोंडाकडं टक लावून बसायची. मला नोकरीत जे मिळालं नाही ते असं निवृत्तीनंतर मिळालं, आणि तेही मुडद्यांच्या जिवावर. खरं सांगतो, आनंद झाला त्यापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

आमचा एक नियम होता. शेवटचं प्रकरण राहिलं की थांबायचं. मी सुद्धा पुढं वाचायचं नाही. प्रत्येकानं खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. पुढच्या रविवारी शेवटचं प्रकरण सांगून झालं की डबा उघडायचा. ज्याचं बरोबर आलं त्याचं नाव आठवडाभर वाचनालयाच्या फळ्यावर, सुविचाराच्या खाली.

सिस्टर चारदा जिंकल्या. त्याचं कारण वेगळंच होतं. पुस्तकात विष आलं की त्या हिशेब घालायच्या, माणसाचं वजन किती, पोटात अन्न होतं का, उलटी झाली का. दुसऱ्या खंडात एका सरदाराला दारूतून विष दिलं म्हणून बायकोला पकडलं. सिस्टर म्हणाल्या, "सोडून द्या तिला. एवढ्याशानं जुलाब होतेत, मानूस मरत न्हाई."

शेवटी निघालं तसंच. विष आधीच कुणीतरी औषधातून पाजलं होतं. पण पुस्तकात तोवर बायकोला फाशी झालेली होती. सिस्टरचं नाव फळ्यावर लागलं, आणि त्या आठवडाभर ते पुसा म्हणून खय्यूमभाईंच्या मागं लागल्या होत्या.

*

हॉलच्या दुसऱ्या टोकाला स्पर्धा परीक्षेची मुलं बसायची. एका रविवारी त्यांतला एक उठून आला. मला वाटलं आवाज कमी करा म्हणेल. तो म्हणाला, काका, मागच्या तीन रविवारांपासून कान इकडंच आहे, हे कोणत्या पेपरला आहे?

मी म्हटलं, कोणत्याच नाही.

तो बिचारा इतका ओशाळला! जाऊन बसला आणि त्यानं दोन्ही कानांत कापूस घातला. मला त्याचा राग आला नाही. मीच तसल्या तेहतीस बॅच तयार करून बाहेर पाठवल्या होत्या.

*

त्या काळात तिकडं राजानं हुकूम काढून मठ पाडले, आणि सगळ्या प्रजेला नवा धर्म दिला. मी हे रंगवून सांगत होतो. रात्रीत सगळ्यांचा धर्म बदलला, नाही म्हणेल त्याचं डोकं गेलं वगैरे. मग बोलता बोलता मी आपलं मास्तरी ज्ञान पाजळलं, की सामान्य माणसाला काय, वरून हुकूम आला की तो बदलतो.

कांबळे सिस्टरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, आमीबी धर्म बदलला. माझ्या बापानं बदलला, छप्पन साली. आमाला कुन्या राजाचा हुकूम नव्हता. हुकमात राहू राहू कटाळलो व्हतो, म्हनून बदलला."

मला मान खाली घालावी लागली. आप्पा म्हणाले, हे तुमच्या वहीत लिवून ठिवा सर. मी ते लिहून ठेवलं.

*

आता आप्पांची चिठ्ठी.

पहिल्या खंडाचा डबा उघडला तर आप्पांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, 'राजा'. आम्ही हसलो. दुसऱ्या खंडाला पुन्हा 'राजा'. तिसऱ्यालाही तेच. निळ्या शाईत, मोंढ्यातल्या वळणदार अक्षरात, खाली एक रेघ ओढलेली.

मी त्यांना समजावलं. आप्पा, कादंबरीचे काही नियम असतात. खुनी हा त्या जागी हजर असावा लागतो, त्याला कारण असावं लागतं. आणि राजाला चोरून खून करायची गरजच काय? तो तर भर चौकात मुंडकं उडवू शकतो.

"मंग ज्याला उघड मारता येतंय," आप्पा म्हणाले, "त्यालाच इचारा की चोरून कामून मारलं."

सात खंडांत सात चिठ्ठ्या, सातही 'राजा', आणि सातही चूक. कधी धाकटा भाऊ निघाला, कधी मठाचा प्रमुख, कधी एक साधा मोजडीवाला. फळ्यावर आप्पांचं नाव एकदाही लागलं नाही.

आम्ही त्यावरून त्यांना फार चिडवायचो. चौथ्या खंडानंतर एकदा मी जरा जास्तच बोललो, म्हटलं आप्पा, तुमचं आणि राजाचं काय वैर आहे? तेव्हा त्यांनी सांगितलं. गावाला ठाऊक होतं, मला नव्हतं, मी तेव्हा देगलूरकडं नोकरीला होतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा महेश एका डाळमिलमध्ये सुपरवायझर होता. गोदामाची भिंत फुगली होती. त्यानं मालकाला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत भिंत पोत्यांच्या थप्पीसकट त्याच्या अंगावर आली. चौकशी बसली. थप्पी उंच लावली म्हणून हमालांच्या मुकादमाला आत टाकलं. मालकाला कुणी साधा जबाब द्यायला बोलावलं नाही. मुकादम सुटून आला तो थेट आप्पांच्या दारात येऊन पायावर पडला. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि घरी लावून दिलं.

हे सगळं त्यांनी तुरीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाले, "मला एकदा ऐकायचंय सर, राजा सापडला म्हनून. पुस्तकात का हुईना. तेवढं ऐकलं की मी मोकळा."

त्यानंतर आम्ही त्यांच्या चिठ्ठीला हसणं सोडलं. प्रत्येक खंडाचं शेवटचं प्रकरण उघडताना मी मनात म्हणायचो. राजा निघू दे, एकदा निघू दे. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी फाटका माणूस निघायचा.

*

पाचव्या खंडात एका साधूचं प्रेत किल्ल्याच्या खंदकात सापडतं. एकट्या माणसाला प्रेत कठड्यावरून टाकता येईल का, यावर आमच्यात जुंपली. आप्पांचा जन्म पोत्यांत गेलेला. ते म्हणाले, क्विंटलभर वजन एकट्यानं कठड्यावर चढत नस्तंय. मी म्हटलं चढतं. शेवटी खय्यूमभाईंच्या पुतण्याची जीप काढली आणि गेलो कंधारला. तिथल्या किल्ल्याच्या खंदकात अजून पाणी असतं.

सोबत एक पोतं, ओल्या भुशानं ठासून भरलेलं. मी एकट्यानं उचलायला गेलो तर माझी कंबर धरली. मग बहात्तर वर्षांचे आप्पा आणि खय्यूमभाई यांनी दोघांनी मिळून ते कठड्यावर चढवलं आणि खाली ढकललं. असा आवाज झाला की झाडावरचे बगळे उडाले!

चौकीदार धावत आला. काय टाकलाव म्हणून विचारलं. आता खय्यूमभाईंनी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. पण आप्पा जन्मात खोटं बोलले नव्हते.

ते म्हणाले, "साधू."

चौकीदारानं पाण्यात बुडणारं पोतं बघितलं. मग पांढऱ्या साडीतल्या सिस्टर बघितल्या, मग कंबर धरून बसलेला मी. पुढचे दोन तास आम्ही त्याला पाचशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड समजावून सांगत होतो. शेवटी त्यानं माणसं बोलावून, गळ टाकून पोतं वर काढलं, सोडून बघितलं, हात घालून तळापर्यंत बघितलं. मग वही आणली, नोंद केली आणि आप्पांची सही घेतली. मी डोकावून वाचलं. लिहिलं होतं, 'साधू नसून भुसा आढळला.'

आम्ही जीपमध्ये पोट धरून हसत होतो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, गड्यानं तळापर्यंत हात घालून बगितलं. आमच्या महेशच्या टायमाला एवढं जरी कुनी केलं असतं.

*

आप्पांचा आजार पहिल्यांदा सिस्टरना कळला. सातव्या खंडाच्या वेळी. आप्पा अर्धा चहा कपात ठेवतात आणि धोतराची गाठ दर आठवड्याला आणखी आत जाते, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. लातूरला जाऊन दुर्बीण घालून या म्हणून त्यांनी हात जोडले. आप्पा म्हणाले, येवढं पुस्तक हुंद्या. पुस्तक होईपर्यंत जठरातली गाठ लिंबाएवढी झाली होती. विषाचा डोस बरोबर ओळखणाऱ्या बाईला समोरच्या माणसाचं मरण दिसत होतं, आणि तिचं कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. मला सातव्या खंडाचा शेवट सांगायची घाई होती.

*

आठवा खंड शेवटचा. त्यात राजवाड्यातला वैद्य सूप पिऊन मरतो. सूप केलं मुख्य आचाऱ्यानं, पुडी सापडली त्याच्याच पेटीत, वैद्याशी भांडण झालं होतं त्याचंच. एवढं सरळ पुस्तक आठांत नव्हतं. आम्ही तिघांनी डोळे झाकून 'आचारी' लिहिलं.

त्या रविवारी आप्पा ऑटोनं आले होते. दोनदा केमो होऊन डोक्यावरचे केस गेले होते, उन्हाळ्यात शाल पांघरली होती. हात इतका कापत होता की पेन धरता येईना. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी लिहिते.

आणि मग मी बोललो. दुसरं कुणी नाही, मीच. म्हटलं, "आप्पा, शेवटचं पुस्तक आहे. आता तरी तो राजा सोडा, आचारीच आहे. एकदा तुमचं नाव फळ्यावर बघू द्या आम्हाला."

थकलेल्या माणसाला वाद घालायचा नसतो. आप्पा म्हणाले, लिव्हा सिस्टर, आचारी. तुमी शिकलेले सगळे मंतेत, तर आसंल.

चिठ्ठी डब्यात पडली. दोन दिवसांनी आप्पांना लातूरला दाखल केलं.

*

बुधवारी दुपारी मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं.

राजा!

राजाच्या पायाची जखम चिघळत चालली होती आणि राजा फार दिवस जगत नाही, हे वैद्यानं एका सरदाराजवळ बोलून दाखवलं होतं. ते आणखी बाहेर फुटू नये म्हणून राजानं गुपचूप आपल्या हातानं पुडी बांधून मुदपाकखान्यात पाठवली. पानावर स्वच्छ लिहिलेलं, कसलाही आडपडदा नाही. कारकुनाला सगळा उलगडा होतो. पण आचाऱ्याला भर बाजारात उकळत्या कढईत टाकतात, कारकून गर्दीत उभा राहून बघतो, आणि घरी जाऊन जेवतो. तिथं पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटून बसून राहिलो. सात खंडांत एकट्या माणसानं जे धरून ठेवलं होतं ते आठव्यात खरं निघालं, आणि नेमकं तेव्हाच मी ते त्याच्या हातातून सोडवलं होतं. मला स्वतःची इतकी शिसारी आयुष्यात कधी आली नव्हती.

शुक्रवारी आम्ही तिघं लातूरच्या एसटीत बसलो. वाटभर वाद. खय्यूमभाई म्हणाले, चिठ्ठीच बदलू, 'राजा' लिहिलेली ठेवू. सिस्टर म्हणाल्या, त्यांनी माझ्याकडूनच लिहवून घेतली, ते काय विसरलेत? त्यांचं म्हणणं एकच होतं, जे आहे ते सांगा. मरणाऱ्याला खोटं कळतं, मी तीस वर्षं बघितलंय. मी म्हटलं, आणि हे कसं सांगू, की आप्पा, तुम्ही आयुष्यभर बरोबर होतात, फक्त मी सांगितलं त्या दिवशी चुकलात? शेवटी ठरलं की त्यांचा चेहरा बघून मी काय ते बोलावं.

वॉर्डात आप्पा खिडकीजवळच्या पलंगावर होते. नाकात नळी. उपरणं उशाला घडी घालून ठेवलेलं. सून, महेशची बायको, औषधं आणायला खाली गेली होती. आम्हाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, सिस्टरनी त्यांना झोपवलं आणि सवयीनं नाडी धरली. विचारपूस झाली, पोट, झोप, डॉक्टर काय म्हणतात. त्यांनी सगळ्याला मान हलवली. मग माझ्याकडं वळले.

"कोन निघालं, सर?"

चेहरा बघून ठरवायचं होतं ना? मी बघितला. त्या चेहऱ्यावर काही उरलंच नव्हतं, डोळे तेवढे होते. हरलात असं त्या डोळ्यांना सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.

"आचारी," मी म्हणालो. "तुमचं बरोबर आलं आप्पा. जिंकलात."

खय्यूमभाई लगेच म्हणाले, उद्या सकाळी फळ्यावर नाव लिहितो, मोठ्या अक्षरात. सिस्टरचा हात आप्पांच्या नाडीवर तसाच होता.

आप्पा हळूहळू कुशीवर झाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मंजे राजा ह्याबी बारीला सुटला."